पाठीवर मावेल असा बेस

ट्युबा म्हणजे पितळी वाद्यांतलं सगळ्यात खालच्या सुरांचं वाद्य, पण आमच्या बँडात हा शब्द कोणी वापरत नाही. आम्ही त्याला बेस म्हणतो आणि वाजवणाऱ्यालाही बेसच म्हणतो. गेली 19 वर्षं तो बेस मी आहे. वाद्य बँडाच्या मालकीचं आहे: सुझाफोन, बी-फ्लॅट पट्टीतला, अंगाभोवती वेटोळं घालून बसणारा. त्याची नळी सरळ केली तर 18 फूट भरेल. ते वाद्य म्हापशाजवळ बँडाच्या खोलीत असतं, आणि मी महिन्यातले बारा ते पंधरा दिवस गोव्यातच नसतो.

माझा धंदा वजनकाट्यांचा. लॉरीसकट माल मोजणारे मोठे काटे असतात ना, ते तपासायचे, लोड सेल (वजन ओळखणारे भाग) बदलायचे, शिक्का मारायच्या दिवशी हजर राहायचं. डिचोलीहून निघायचं आणि सावंतवाडी, कुडाळ, रत्नागिरी, दुसऱ्या बाजूला कारवार असं फिरायचं. बहुतेक प्रवास रेल्वेचा, उरलेला बसचा. हातात अवजारांची पेटी असते, ती 11 किलोची.

बँडाचा हंगाम ऑक्टोबरपासून तापतो. 3 डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त (चर्चचा उत्सव), 8 ला पणजीचं, मग नाताळ, 6 जानेवारीला तीन राजांचं, पुढे कार्निव्हल. मधेमधे लग्नं आणि मयतंही. फेस्ताच्या दिवशी पहाटे आल्वोराद असते. उजाडायच्या आधी बँड गाव जागवत फिरतो. त्या गारव्यात पितळ थंड, ओठ थंड, आणि बेसला पहिल्या ठोक्यापासून सूर धरावा लागतो. क्लॅरिनेट चुकला तर दुसरा क्लॅरिनेट झाकून घेतो. बेस एकच असतो.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात रत्नागिरीत सलग 17 दिवस काढून आलो आणि थेट तालमीला गेलो. बोटं बरोबर पडत होती. पण खालचा एफ लावला तो थरथरला, आणि तालाच्या चौथ्या मापापर्यंत श्वास संपला. मेस्तनी, म्हणजे आमच्या बँडमास्तरांनी, हात खाली केला आणि एवढंच म्हणाले, ‘पुता, बोटां बरीं चलतात, पूण वारो खंय गेलो?’

त्या रात्री घरी येईपर्यंत ठरलं होतं. फिरतीवर नेता येईल असा बेस हवा.

सुरुवात रबरी नळीपासून झाली, कारण ती दुसऱ्याच दिवशी मिळाली. बागेला पाणी घालायची अर्ध्या इंचाची नळी हार्डवेअरच्या दुकानातून 18 फूट कापून आणली, गुंडाळी करून तारेनं बांधली आणि एका टोकात माउथपीस घट्ट बसवला. फुंकल्यावर त्यातून खरंच बी-फ्लॅटच्या आसपासचे सूर निघतात, खालचा, मधला, वरचा. सूर म्हणजे शेवटी ओठांचं कंपन आणि नळीची लांबी. नळी पितळेची आहे की रबराची याचं ओठांना फारसं देणंघेणं नसतं. श्वास सोडणं आणि ओठ जागे ठेवणं एवढं काम ती गुंडाळी चोख करते. पण बोटांनी दाबायचे पिस्टन नाहीत म्हणजे बोटं नाहीत, आणि सुराला बसायला खोबणी नाही. सुझाफोनमध्ये सूर जागेवर येऊन बसला की कळतं. नळीत तो घसरत राहतो. आठवडाभर ठीक, त्यापुढे नाही.

मग बँडातला एक जादा यूफोनियम (बेसपेक्षा लहान पितळी वाद्य) पावसाळाभर मागून घेतला. हिशेब सोपा होता: यूफोनियमही बी-फ्लॅटचा, नळी निम्मी म्हणजे 9 फूट, सूर एक सप्तक वर आणि बोटं तीच. न्यायला सोपा, लॉजवाल्यांचीही तक्रार नाही. चार महिने मन लावून वाजवला. चवथीनंतर पुन्हा सुझाफोन खांद्यावर घेतला तेव्हा वरचे सूर पूर्वीपेक्षा छान लागत होते, आणि खाली मात्र काहीच उरलं नव्हतं. यूफोनियमच्या माउथपीसची वाटी साधारण 26 मिलिमीटरची, बेसची 32-33 ची. लहान वाटीत ओठ आवळायची सवय लागते आणि बेसला ओठ सैल, गाल स्थिर, घसा उघडा लागतो. यूफोनियम हे काही लहान बेस नव्हे, ते वेगळं वाद्य आहे, हे मला चार महिने घालवून समजलं. मधल्या काळात बेसचा माउथपीस अडॅप्टर लावून यूफोनियमवर चढवूनही पाहिला. सूर खाली ओढले जातात आणि आपापसातलं अंतरही बिघडतं. कान खराब करून घ्यायचा तो रस्ता आहे.

एवढ्यावरून एक गोष्ट पक्की झाली: माउथपीसची वाटी तीच राहिली पाहिजे. त्याखाली जे काही असेल ते लहान चालेल.

इथे थोडं वाद्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. ट्युबा हे वाद्य तसं तरुण आहे. 1835 मध्ये बर्लिनला विल्हेल्म वीप्रेख्ट आणि योहान गॉटफ्रीड मोरित्झ यांनी त्याचं पेटंट घेतलं, आणि तो पहिला ट्युबा एफमधला होता. आज चार पट्ट्यांत ट्युबे मिळतात. बी-फ्लॅट 18 फुटी, सी 16 फुटी, ई-फ्लॅट 13 फुटी, एफ 12 फुटी. दुकानात गेलात की 3/4, 4/4, 5/4 असे आकडे ऐकायला येतात. त्याचा पट्टीशी संबंध नाही; तो जाडीचा अंदाज आहे, आणि त्यालाही सर्वमान्य माप नाही. एकाचा 4/4 दुसऱ्याच्या 3/4 एवढा निघतो. लहान बेस हवा असेल तर म्हणून दोनच वाटा: बी-फ्लॅटच घ्यायचा पण बारीक आणि घट्ट गुंडाळलेला, किंवा पट्टी बदलून ई-फ्लॅट किंवा एफ घ्यायचा.

मला पहिली वाट हवी होती. बोटं बदलायची नव्हती.

त्या वाटेवर पहिल्यांदाच ठेचकाळलो. दुसऱ्या राज्यातल्या एका विक्रेत्याकडे ‘कॉम्पॅक्ट बी-फ्लॅट बेस’ दिसला. फोटो चकचकीत होते, मी आगाऊ पैसे पाठवले. वाद्य आलं ते गोणपाटात. पॉलिश नवं होतं, पण तिसरा पिस्टन दाबला की खालीच राहायचा आणि दुसऱ्यातून हवा गळत होती. हवा गळते की नाही हे पाहायची युक्ती मला मेस्तनी लहानपणीच दाखवली होती: स्लाइड (आतबाहेर सरकणारी नळी) थोडी बाहेर ओढून धरायची आणि मग त्या नळीचा पिस्टन दाबायचा. आत पोकळी धरून ठेवली असेल तर ‘टप्प’ असा स्पष्ट आवाज होतो. आवाज आला नाही तर पिस्टन झिजलेला आहे, मग बाहेरून तो आरशासारखा का असेना. माझ्याकडे दोन पिस्टन मुके होते. भांडून अर्धे पैसे परत मिळाले. त्यानंतर ठरवलं की हातात घेऊन, ‘टप्प’ ऐकल्याशिवाय वाद्याला पैसे मोजायचे नाहीत, आणि वापरलेलं वाद्य घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो.

मग कामानिमित्त मुंबईला गेलो तेव्हा धोबीतलावच्या एका दुकानात 3/4 आकाराचा तीन पिस्टनचा बी-फ्लॅट तासभर वाजवला. मालकांनी मनापासून वाजवू दिला. वाद्य उत्तम होतं, सूर सरळ, पिस्टन लोण्यासारखे. पण पेटीसकट उचलला तेव्हा धंद्याच्या सवयीनं हातानंच वजन कळलं, आणि दुकानातल्या काट्यावर ठेवल्यावर 14 किलो 300 ग्रॅम निघालं. माझी अवजारं 11 किलो. म्हणजे दोन हातांत 25 किलो घेऊन कुडाळ स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबते तेवढ्यात उतरायचं. विमानाचा तर विचारच नको: आपल्याकडे देशातल्या विमानात हातातली बॅग साधारण 7 किलोची, 55 बाय 35 बाय 25 सेंटिमीटरची. त्या मापात कुठलाच बेस बसत नाही, आणि सामानात टाकायचा तर जड पेटी हवीच. मी रेल्वेनं जातो म्हणून निवडीला वाव होता. वारंवार विमानानं जाणाऱ्यानं माझ्या मते माउथपीस आणि रबरी नळीवरच भागवावं.

घट्ट गुंडाळलेल्या बी-फ्लॅटचा एक खास प्रकारही आहे. जर्मन भाषेत टॉर्निस्टर म्हणजे पाठीवरची पिशवी. मध्य युरोपात टॉर्निस्टर ट्युबा नावाचे बसके, पाठीवर नेता येतील असे बेस बनत आले आहेत. त्यातले बहुतेक रोटरी व्हॉल्व्हचे, म्हणजे पिस्टनऐवजी फिरत्या झडपांचे. मला तिथेच थांबावंसं वाटलं. पिस्टन अडकला तर झाकण फिरवायचं, ओढून काढायचा, धोतराच्या जुन्या कापडानं पुसायचा, तेलाचे चार थेंब, परत आत. धावत्या गाडीतही होतं. रोटरी उघडायला स्क्रू, लाकडी हातोडी आणि स्थिर टेबल लागतं. आपली हवा खारट, पावसाळा चार महिन्यांचा. अशा हवेत पितळ कळकतं आणि बारीक सांधे आधी धरतात. ज्यांचा हात रोटरीवर बसला आहे त्यांनी जरूर घ्यावा. माझा बसलेला नाही.

आज प्रवासासाठी म्हणून मुद्दाम केलेले नवे बेसही आहेत. ब्रिटनच्या वेसेक्स कंपनीचा बॉम्बिनो नावाचा ई-फ्लॅट बेस त्यातला एक. परदेशातून मागवायचा, त्यावर वाहतूक, त्यावर कर. मुलीच्या कॉलेजचं वर्ष होतं. तो विषय मी एका रात्रीत बंद केला.

मग मेस्तनीच सांगितलं की कुडतरीला एका घरी जुना बेस पडून आहे, जाऊन बघ. कुडतरी म्हणजे वाजवणाऱ्यांचं गाव. गोव्याच्या साष्टी तालुक्यातल्या अशा गावांतून इगर्जीच्या (चर्चच्या) शाळांत सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, शिकलेली माणसं मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेली, पलटणींच्या आणि पोलिसांच्या बँडांत गेली, आफ्रिकेला गेली. त्या घरातले आजोबा आफ्रिकारच होते. साठच्या दशकात बोटीनं परत येताना बेस सोबत आणला होता. आता घरात त्यांची सून आणि नातू. आंटींनी आधी चहा आणि दोदोल पुढे केलं, मग माळ्यावरून नातवानं लाकडी पेटी उतरवली.

पेटी उघडली तेव्हा आतला मखमलीचा तुकडा वाळवीनं खाल्लेला होता, पण वाद्य शाबूत. तीन पिस्टन, वरून दाबायचे. भोंगा जेमतेम फूटभर रुंद. उंची मी टेपनं मोजली, 76 सेंटिमीटर. भोंग्यावरचं कोरीव नाव हातांनी घासून घासून गेलेलं, उजव्या बाजूला जिथे मनगट टेकतं तिथे चांदीचा मुलामा जाऊन पितळ उघडं पडलेलं. ती जागा एका माणसाच्या मनगटाच्या आकाराची होती. स्लाइड तेल लावून सोडवल्या. पहिला पिस्टन: टप्प. दुसरा: टप्प. तिसरा जरा हळू, पण टप्प. मला त्या क्षणी घासाघीस करायची इच्छाच उरली नाही.

मात्र तो ई-फ्लॅट होता. आणि माउथपीस लावून पहिला सूर काढून मोबाइलवरचा ट्यूनर पाहिला तर काटा सरळ उजवीकडे. प्रत्येक सूर जवळपास 50 सेंट वर, म्हणजे सेमीटोनच्या निम्म्यानं वर. मुख्य स्लाइड होती तेवढी ओढली तरी भागेना. नातू म्हणाला, खराब असेल. खराब नव्हता. ब्रिटनमधले ब्रास बँड साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत चढ्या सुरावर वाजत. बाकी जग ए म्हणजे 440 मानत असताना त्यांचा ए 452 च्या वर होता. त्या काळातली तिकडच्या ब्रास बँडांची बरीच जुनी वाद्यं अशी आहेत. जुना ब्रिटिश घडणीचा बेस स्वस्तात दिसला की आधी ट्यूनर लावा. सूर चढा निघाला तर वाद्य चांगलं असूनही नळी वाढवल्याशिवाय तुमच्या बँडाच्या सुरात ते मिळणार नाही.

मी दोन दिवसांची मुदत मागून घरी आलो आणि वहीत हिशेब मांडला. ही माझ्या हातातली गोष्ट होती, शेवटी मोजमापाचीच. 452.5 वरून 440 वर यायचं तर नळी 2.8 टक्क्यांनी लांब हवी. ई-फ्लॅटची नळी 13 फूट, म्हणजे एकूण सुमारे 11 सेंटिमीटर वाढवायची. स्लाइडला दोन पाय असतात, तेव्हा प्रत्येक पाय साडेपाच सेंटिमीटर. पण एवढंच करून थांबलं तर पिस्टनच्या नळ्या तुलनेनं आखूड पडतात आणि बोटं दाबली की सूर पुन्हा चढतो. म्हणून पहिली स्लाइड दोन्ही पायांना साधारण 7 मिलिमीटर, दुसरी 3, तिसरी 10 बाहेर ठेवायची. या तिन्ही मापांना स्लाइडमध्ये जागा होती, मी व्हर्नियरनं पाहून आलो होतो. प्रश्न फक्त मुख्य स्लाइडचा होता.

मडगावात वाद्यं दुरुस्त करणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत. त्यांनी माझी वही शांतपणे वाचली, मग भंगारातल्या एका यूफोनियमच्या नळ्या काढून त्यांचा व्यास ताडून पाहिला. दोन तुकडे कापले, आतून कानस फिरवली, डाख देऊन मुख्य स्लाइडच्या पायांना जोडले. डाख आत उतरून गाठ झाली तर हवा अडते, म्हणून त्यांनी जोडावर आधी आतून कापसाचा बोळा फिरवून दाखवला, तो कुठेही अडकला नाही. मूळ वाद्याला कुठेही करवत लागली नाही. उद्या कोणाला चढा सूर परत हवा असेल तर ते दोन तुकडे तापवून काढता येतील. आंटींना मी हे मुद्दाम फोन करून सांगितलं. त्यांनी वाद्य विकताना एकच अट घातली होती की ते कासाराकडे वितळायला जाता कामा नये.

माउथपीस हा पुढचा अडथळा. जुन्या ब्रिटिश बेसचं माउथपीस बसायचं तोंड अरुंद असतं. माझा माउथपीस अमेरिकन मापाचा, तो अर्धा इंच बाहेरच राहायचा आणि हलायचा. त्यानं सूर बिघडतात, शिवाय पाइपच्या तोंडाला चीर पडायची भीती. वाटी तर तीच हवी होती. शेवटी तसाच दुसरा, स्वस्तातला माउथपीस घेतला आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत ओळखीच्या लेथवाल्याकडून त्याची दांडी बारीक उतरवून घेतली. त्याला मी सांगितलं होतं, एका वेळी केसभर काढ आणि प्रत्येक वेळी बसवून बघ. सातव्या खेपेला तो बसला, थोडा फिरवला की घट्ट.

आता बोटांचं सांगतो, कारण ज्याची मला भीती वाटत होती ती गोष्ट सगळ्यात लवकर सुटली. बी-फ्लॅटचा मेजर स्केल मी आयुष्यभर असा वाजवला (आकडे दाबायच्या पिस्टनचे, मोकळा म्हणजे एकही नाही): मोकळा, एक-तीन, एक-दोन, एक, मोकळा, एक-दोन, दोन, मोकळा. तोच स्केल ई-फ्लॅट बेसवर असा पडतो: एक-तीन, एक-दोन, दोन, मोकळा, आणि पुन्हा एक-तीन, एक-दोन, दोन, मोकळा. चार सुरांचा एकच नमुना दोनदा. पहिल्या संध्याकाळी हे दिसलं तेव्हा मी मुलीला हाक मारून दाखवलं. तीन आठवडे रोज अर्धा तास फक्त स्केल केले. नंतर बोटं वाद्य ओळखू लागली. मांडीवरचा भार वेगळा, पिस्टनची जागा वेगळी, त्यामुळे मेंदू आपोआप बदल करतो. सुझाफोन खांद्यावर चढला की जुनी बोटं परत येतात. गोंधळ एकदाच झाला, एका मयताच्या मिरवणुकीत, आणि तोही दोन मापांपुरता.

तीन पिस्टनच्या ई-फ्लॅटची खरी उणीव दुसरी आहे. तिन्ही पिस्टन दाबून तो खालच्या ए पर्यंत उतरतो, त्याखाली नीट काही नाही. सुझाफोन त्याच बोटांनी खालच्या ई पर्यंत जातो. मधले ए-फ्लॅट, जी, जी-फ्लॅट, एफ, ई हे सूर माझ्या छोट्या बेसमध्ये नाहीतच, आणि मार्चच्या चालींत त्यातला एफ तर क्षणाक्षणाला लागतो. चौथा पिस्टन असता तर हे बहुतेक भरून निघालं असतं, आणि पहिला-तिसरा एकत्र दाबल्यावर येणारा चढा सूरही सरळ झाला असता. नवा, चार पिस्टनचा परवडत असेल तर त्याचे जादा पैसे याच कारणासाठी द्यावेत, भोंग्याच्या रुंदीसाठी नव्हे. रुंद भोंगा मैदानात उपयोगी, लॉजच्या खोलीत नाही.

पिशवी म्हापशाच्या एका रिक्षाचं हूड शिवणाऱ्याकडून शिवून घेतली. बाहेरून हुडाचंच जाड कापड, आत गादीचा फोम, भोंग्याकडे प्लायवूडची चकती, पाठीवर दोन रुंद पट्टे. वाद्य 5 किलो 200 ग्रॅम, पिशवीसकट 6 किलो 900. माझ्याच काट्यावर. मांडवी एक्स्प्रेसच्या खालच्या बर्थखाली ती आडवी सरकते, भोंगा भिंतीकडे ठेवायचा, नाहीतर येणाऱ्याजाणाऱ्याची ट्रंक लागते. कदंब बसमध्ये मी शेवटच्या बाकावर बसतो आणि ती मांडीवर घेतो.

वाजवायचं कुठे, हा प्रश्न वाद्य घेण्याआधी सोडवायला हवा होता. मोठ्या बेसचा म्यूट (आवाज दाबायला भोंग्यात घालायचं बूच) या लहान भोंग्यात बसत नाही, आणि म्यूट घातला की खालचे सूर घुसमटतात. श्वासासाठीच तर हा खटाटोप, मग तोच कोंडून काय करू? म्हणून मी म्यूट वापरत नाही, जागा शोधतो. काट्यावर संध्याकाळी सहानंतर लॉऱ्या येत नाहीत. केबिनचा राखणदार ओळखीचा असतो. कुडाळजवळच्या एका काट्यावर मी प्लॅटफॉर्मच्या कडेला खुर्ची टाकून, मांडीवर टॉवेलची गुंडाळी ठेवून त्यावर बेस टेकवतो. वाद्य लहान असल्यामुळे गुंडाळीशिवाय माउथपीस ओठांपर्यंत पोचत नाही आणि मग मान वाकते, घसा बंद होतो. टॉवेलची जाडी मी दोन-तीन दिवस बदलून पाहिली. मान सरळ राहिली पाहिजे, वाद्य माणसाकडे यायला हवं. पहिली दहा मिनिटं फक्त लांब सूर, प्रत्येक सूर बारा आकडे मोजेपर्यंत. मग स्केल, मग त्या हंगामाचे मार्च. काळोख पडायला लागला की पलीकडच्या काजूच्या बागेतून आवाज परत येतो, आणि सूर हलला तर तो परतलेल्या आवाजात आधी कळतो.

सावंतवाडीच्या लॉजवर मात्र गच्ची आहे. तिथल्या काकांना पहिल्या दिवशीच विचारून घेतलं, साडेपाच ते सव्वासहा. तिसऱ्या दिवशी त्यांच्या आई जिना चढून आल्या आणि म्हणाल्या, एवढंसं आहे आणि गणपतीच्या वाड्यातल्या मोठ्या ढोलासारखं छातीत वाजतं. मग त्यांना आरती हवी होती. वाजवली. बेसवर चाल वाजवायची सवय नसते, आपण कायम खालची बाजू धरतो. त्यांनी टाळ्यांनी ठेका धरला म्हणून जमलं.

गेल्या नोव्हेंबरात कारवारहून 11 दिवसांनी परत आलो आणि पुन्हा थेट तालमीला गेलो. सुझाफोन चढवला. पहिला मार्च पूर्ण झाला, श्वास पुरला, उलट शेवटच्या मापाला थोडा शिल्लकही होता. मेस्तनी दुसरा काढायला सांगितला. त्यात खालचा एफ चार वेळा येतो. तीनदा तो घट्ट बसला, चौथ्यांदा किंचित हलला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मीही मान हलवली. तो सूर माझ्या छोट्या बेसमध्ये नाही, त्यांनाही ठाऊक आहे.

म्हणून आता पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात ती 18 फुटी रबरी नळीही असते, तारेनं बांधलेली. ई-फ्लॅटवर पाऊण तास झाला की वाद्य पुसून ठेवतो, मोठ्या दांडीचा जुना माउथपीस नळीत घुसवतो आणि शेवटची दहा मिनिटं फक्त तळाच्या सुरांना देतो. त्यात बसायला खोबणी नाही, सूर घसरतो, तो ओठांनीच धरावा लागतो. परवा रत्नागिरीला निघायचंय, 9 दिवस. तिसऱ्या स्लाइडला तेल द्यायचं राहिलंय.